मला ऐकूच न येणारं वृत्त: चेक कविता आणि पहिल्या अक्षराची गोष्ट

बृनोकर
शनिवार, रात्री 9:40

तीन वर्षं झाली, नोकरीपायी चेक प्रजासत्ताकातल्या बृनोला आहे. चेक भाषेच्या क्लासला शनिवारी सकाळी जातो. गेल्या महिन्यात बाईंनी एक कविता पाठ करायला दिली आणि तिथे माझी जी फजिती झाली, त्यातून हा धागा.

कविता कारेल हिनेक माखाची 'माय', म्हणजे मे महिना. 1836 सालच्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःच्या पैशाने छापली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, सव्विसावा वाढदिवस दहा दिवसांवर असताना, गेला. इथे ही सुरुवात शाळेत गेलेल्या कुठल्याही माणसाला येते:

बिल पोज़्द्नी वेचेर – पृव्नी माय –
वेचेर्नी माय – बिल लास्कि चस.
हृद्लिच्चिन ज़्वल कु लास्त्से ह्लस,
ग्दे बोरोवी ज़वान्येल हाय.

(संध्याकाळ कलली होती, पहिला मे, मेमधली संध्याकाळ, प्रेमाची वेळ. पाइनचं बन दरवळत होतं तिथून होल्याचा आवाज प्रेमाला बोलावत होता.)

मी घरी ओट्याशी उभं राहून ती घोकली. चेकमध्ये ऱ्हस्व-दीर्घ अगदी काटेकोर. दीर्घ स्वरावर लिहितानाच तिरकी रेघ येते, आणि ती उच्चारात खरोखर ऐकू येते. आपल्यासारखं 'लिहायचं दीर्घ, म्हणायचं कसंही' नाही. लहानपणी मनाचे श्लोक म्हटलेला माणूस मी. दीर्घ अक्षर दिसलं की त्यावर बसायचं हे अंगात मुरलेलं. तर वर्गात उभा राहिलो आणि पोज़्द्-नीऽऽ, पृव्-नीऽऽ, माऽऽय असं झोकात म्हटलं.

बाई हसल्या. मग पेन्सिलीने टेबलावर ठोका देत त्यांनी तीच ओळ म्हटली. ठोके पडले ते 'पोज़्', 'वे', 'पृव्' आणि 'माय' वर. मी ज्या अक्षरांवर बसलो होतो त्यांतलं एक 'माय' सोडलं तर बाकीची ठोक्याबाहेर!

कारण असं: चेकमध्ये आघात कायम शब्दाच्या पहिल्या अक्षरावर. अपवाद जवळजवळ नाहीच. आणि गेली दोनशे वर्षं चेक कवितेचं वृत्त या आघातावर उभं आहे, ऱ्हस्व-दीर्घावर नाही. 'धा' म्हणजे आघाताचं अक्षर, 'ति' म्हणजे बिनआघाताचं, असं धरलं तर पहिली ओळ:

ति धा ति धा ति धा ति धा

आता हीच ओळ आपल्या पद्धतीने, जोडाक्षराचा नियम लावून बघा (गा म्हणजे गुरू, ल म्हणजे लघु): गा गा गा ल गा गा गा गा. आठ अक्षरांत एक लघु! याला कोणी वृत्त म्हणेल का?

गंमत इथे संपत नाही. चेक आघात फार दुबळा आहे. पहिलं अक्षर मोठ्याने म्हटलं जातंच असं नाही, पुष्कळदा सूर दुसऱ्यावर चढतो. ज्या गोष्टीवर यांची सगळी छंदोबद्ध कविता चालते ती मला तीन वर्षं ऐकूच आली नव्हती. इथल्या छंदवाल्या मंडळींनी जरा हात द्यावा.

(लिप्यंतराबद्दल: ज़ = जहाजातला ज, झ जरा घासून म्हणायचा, दीर्घ ए-ओ दाखवायला ऽ वापरेन. शब्दाच्या शेवटचा 'अ' मात्र कुठे कुठे उच्चारायचा आहे, तिथे सांगेन.)

चहाबिस्कीट
शनिवार, रात्री 9:58

पहिल्या ओळीच्या शेवटी माय, चौथीच्या शेवटी हाय. मला तर कळली बुवा कविता.

अवांतर: ब्रनो ना? बृनो काय?

बृनोकर
शनिवार, रात्री 10:05

बृनोच. चेकमध्ये र आणि ल हे स्वराचं काम करतात. 'बृ-नो' दोन अक्षरी शब्द आहे, 'बृ' वर आघात. प्रागची नदी 'व्ऌ-त-वा', लांडगा म्हणजे 'व्ऌक'. एकही नेहमीचा स्वर नसलेलं वाक्य ते पाहुण्यांना हमखास ऐकवतात: स्तृच पृस्त स्कृज़ कृक, म्हणजे 'बोट घशात घाल'. चार शब्द, चार अक्षरं, आणि एकही आ-ए-ओ नाही.

अनुष्टुभ
शनिवार, रात्री 11:20

ऌ हा स्वर आयुष्यभर फक्त 'क्लृप्ती'पुरता शिकवला. तो कुठेतरी नदीच्या नावात नांदतो आहे हे वाचून बरं वाटलं. आणि व्ऌक म्हणजे आपला 'वृक'च, एकाच मुळातले दोघे.

आता मूळ मुद्दा. बृनोकर, तुमची चूक कानाची नाही, संस्काराची आहे. आपल्याकडे तीन वाटा: अक्षरगणवृत्तात लघु-गुरूंचा क्रम ठरलेला, मात्रावृत्तात मात्रांची बेरीज ठरलेली, ओवी-अभंगासारख्या छंदात अक्षरांची संख्या. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'त या तिन्हींचा पसारा मांडलेला आहे. आघात या तिन्हींत वृत्ताचा पाया म्हणून येत नाही, कारण मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही.

पण चेकमध्ये तरी आघाताने अर्थ कुठे बदलतो? तो नेहमी पहिल्या अक्षरावर असेल तर बदलणार कसा? उलट ऱ्हस्व-दीर्घाने बदलत असणार. मग त्यांनी अर्थभेद करणारं, ठळक ऐकू येणारं दीर्घत्व सोडून हा मुका आघात का निवडला? मला तरी हा उफराटा कारभार वाटतो.

प्राहाची_सून
रविवार, सकाळी 7:15

अनुष्टुभ सर, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. 'द्राह' म्हणजे मार्ग, 'द्रहा' म्हणजे प्रिय (किंवा महाग!) स्त्री. ('द्राह'चा शेवटचा अ उच्चारायचा.) दोन्हींत आघात पहिल्यावरच, फरक फक्त कुठला स्वर लांबवला याचा. आपलं सुत आणि सूत तसं.

मी लग्न होऊन प्रागला आले त्याला आता वीस वर्षं होतील. आघात मला कळला तो पुस्तकातून नाही, मेट्रोत. दारं बंद होताना रोज ऐकू येतं: उकोन्चेते, प्रोसीम, वीस्तुप अ नास्तुप, द्वेर्झे से ज़वीरयी. (चढउतार आटपा, दारं बंद होत आहेत.) एकदा मुलाला कडेवर घेऊन उभी होते आणि तो माझ्या खांद्यावर हाताने ताल धरत होता: वीस्तुप अ नास्तुप, द्वेर्झे से ज़वीरयी. दीड वर्षाच्या पोराला कळत होतं की शब्द कुठे सुरू होतो. 'ज़वीरयी'त दोन दीर्घ स्वर आहेत, पण त्याची थाप पडत होती ती ऱ्हस्व 'ज़' वर.

तबलजी_साताऱ्याचा
रविवार, सकाळी 8:02

धा-ति लिहून तुम्ही आमच्या पोटावर पाय आणलात, पण असो. म्हणजे यांच्या भाषेत प्रत्येक शब्दाची सम पहिल्या अक्षरावर. मग पहिली ओळ 'ति' ने कशी काय सुरू होते? समेच्या आधी आलेलं 'बिल' कुठून आलं? आमच्यात त्याला मुखडा म्हणतात, समेवर येण्याआधीची उचल.

बृनोकर
रविवार, सकाळी 10:30

तबलजी, तुमचा प्रश्न म्हणजे चेक छंदशास्त्राचं अर्धं पुस्तक आहे. थोडं सविस्तर लिहितो.

'धा ति धा ति' (त्याला इथे त्रोखेय म्हणतात) आणि 'धा ति ति' (दक्तिल) चेकला आईच्या दुधासारखे. शब्द उचला आणि ठेवा, ताल आपोआप. 'ति धा ति धा' म्हणजे यांब मात्र उलट्या घड्यावर पाणी. कुठलाही दोन-तीन अक्षरी शब्द ओळीच्या सुरुवातीला ठेवला की 'धा' आधी येणार. म्हणून यांबची ओळ एखाद्या बारक्या एकाक्षरी शब्दाने उघडावी लागते: बिल (होता), ग्दे (कुठे), अ (आणि), तेन (तो). एकाक्षरी शब्द लवचीक, त्यांना हवं तर 'ति' करता येतं. त्यानंतर दोन-दोन अक्षरी शब्द लावत गेलं की झालं: बिल | पोज़्द्नी | वेचेर | पृव्नी | माय. ही ओळ म्हणजे पाठ्यपुस्तकातली रांग.

आणि याचाच तोटा असा की एकोणिसाव्या शतकातल्या सुमार चेक यांबमध्ये ओळींच्या तोंडाशी 'अ', 'अख', 'तेन' यांचा नुसता सडा असतो. आपल्याकडे गण भरायला 'तो', 'ही', 'च', 'रे' घालतात ना, तेच पादपूरक, फक्त ते शेपटीऐवजी डोक्यावर.

माखाने काय केलं बघा. दुसरी ओळ 'वेचेर्नी'ने सुरू केली. तीन अक्षरी शब्द, आघात 'वे' वर:

धा ति ति धा ति धा ति धा

पहिली तीन अक्षरं दक्तिलची, मग यांब पुन्हा रुळावर. चेक यांबमध्ये ही सूट इतकी रूढ आहे की तिला चूक कोणी म्हणतच नाही. तिसरी ओळही तशीच, 'हृद्लिच्चिन'ने. बारका शब्द शोधत बसण्यापेक्षा हे कितीतरी डौलदार.

पण माझं मन अडकलं ते चौथ्या ओळीत. ग्दे | बोरोवी | ज़वान्येल | हाय:

ति धा ति ति धा ति ति धा

इथे यांब चक्क मोडला. दुसऱ्या अक्षरावर ठोका ठीक, पुढचा चौथ्यावर यायला हवा तो पाचव्यावर, 'ज़' वर गेला. ओळ एकदम वाल्ट्झसारखी डुलायला लागते. आता दीर्घ अक्षरं मोजा: बोरोवी, ज़वान्येल, हाय. चौथं, सहावं, आठवं! आघाताने जी जागा सोडली ती दीर्घाने धरून ठेवली. दोन लयी एकाच वेळी चालू आहेत, एक आघाताची डुलणारी आणि एक लांबीची, जुन्या यांबच्या जागांवर पाय रोवून. बाईंनी हे सांगितलं नव्हतं, ते माझं मलाच बसमध्ये सापडलं आणि माझा स्टॉप गेला.

म्हणजे अनुष्टुभ सर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: दीर्घत्वाला त्यांनी वृत्ताच्या हमालीतून मोकळं केलं, म्हणून ते कवीच्या हातात राहिलं. नियमाने बांधलेलं दीर्घ अक्षर फक्त नियम पाळतं.

रानजाई
रविवार, सकाळी 11:11

हायला! चौथी ओळ मोठ्याने म्हणून पाहिली. खरंच डुलते. वाचनखूण साठवली आहे.

शंकेखोर
रविवार, दुपारी 1:45

उत्तर गोड आहे, पण मागाहून सुचलेलं वाटतं. कवितेची कुठलीही रूढी जिंकली की ती नैसर्गिकच होती असं म्हणायची पद्धत आहे. चेक लोकांनी लघु-गुरू कधी वापरून पाहिलेच नाहीत का? ग्रीक-लॅटिन तर शाळेत शिकत असणार.

प्राहाची_सून
रविवार, दुपारी 3:20

पाहिले की. आणि त्यावरून भांडणही केलं, चांगलं दणदणीत.

लघु-गुरूवरच्या रचनेला इथे 'चसोमीर' म्हणतात, शब्दशः काळाचं माप. सोळाव्या-सतराव्या शतकात बंधुसंघाच्या (धर्मसुधारणेतल्या एका पंथाच्या) विद्वानांनी तिचे प्रयोग केले. यान ब्लाहोस्लाव्हने 1558 सालच्या 'मुसिका'त गाण्याचे सूर आणि अक्षरांची लांबी जुळवायचा आग्रह धरला, पुढे कोमेन्स्कीने (शिक्षणशास्त्रातला कोमेनियस तोच) स्तोत्रं या मापात बसवली. मग मधे खंड पडला.

1795 साली योझेफ दोब्रोव्स्की या व्याकरणकाराने फैसला दिला: चेक पद्य आघातावरच चालेल. गंमत म्हणजे त्याने हे जर्मनमध्ये लिहिलं, दुसऱ्याच्या व्याकरणाच्या पुस्तकात एक प्रकरण म्हणून. त्याच वर्षी पुखमायर या पाद्रीकवीने याच नियमाने लिहिलेल्या कवितांचा संग्रह काढला आणि नव्या चेक कवितेची गाडी सुरू झाली.

तेवीस वर्षांनी, 1818 मध्ये, प्रेश्पुर्कहून (आजचं ब्रातिस्लाव्हा) एक निनावी पुस्तिका आली, 'चेक काव्याचे, विशेषतः छंदशास्त्राचे आरंभ' अशा नावाची. लिहिणारे पालात्स्की आणि शाफारझिक, एक विशीतला, दुसरा बावीस-तेवीस वर्षांचा. पत्रांच्या रूपात लिहिलेली आणि आगीसारखी. म्हणणं असं की आघातवृत्त ही जर्मनांची नक्कल आहे. आपल्या भाषेत ग्रीकांसारखं खरंखुरं ऱ्हस्व-दीर्घ असताना त्यांच्या मागे का फरपटत जायचं? आघातावर लिहायचं तर धा-ति आणि धा-ति-ति, दोनच चाली, बैलगाडीची खडखड. चसोमीरमध्ये होमरची सगळी वृत्तं मोकळी.

शंकेखोर, मी इथेच तुमच्याशी सहमत होते. हा वाद फक्त कानाचा नव्हताच. ज्यांची भाषा कचेरीतून आणि वरच्या शिक्षणातून हद्दपार झाली होती, त्यांना आपण जर्मनांहून वेगळे आणि थेट ग्रीकांच्या पंक्तीतले आहोत हे सिद्ध करायचं होतं. छंद हे त्याचं हत्यार झालं.

अनुष्टुभ
रविवार, सायं 6:05

ताई, उदाहरण द्या ना एखादं. वाद वाचून काय करू, ओळ द्या.

प्राहाची_सून
रविवार, सायं 7:40

घ्या सर. यान कोलार, 'स्लावाची कन्या', 1824. माणूस स्लोव्हाक, पेस्टमध्ये (आजच्या बुडापेस्टमध्ये) धर्मोपदेशक. पुस्तकातली सुनीतं आघातावर, पण सुरुवातीचा लांब पूर्वरंग चसोमीरमध्ये आहे, हेक्झामीटर-पेंटामीटरच्या (ग्रीक-लॅटिन वृत्तांच्या) जोड्या:

अय, ज़्दे लेझी ज़ेम त प्र्झेद ओकेम मीम स्ऌज़ि रोनीत्सीम,
न्येग्दि कोलेऽब्क, निनी नारोदु मेऽहो रकेव.

(पाहा, आसवं ढाळणाऱ्या माझ्या डोळ्यांपुढे ही भूमी पसरली आहे: एके काळी पाळणा, आता माझ्या राष्ट्राची शवपेटी.) 'त' आणि 'कोलेऽब्क' यांतला शेवटचा अ उच्चारायचा.

अनुष्टुभ
रविवार, रात्री 9:30

वा! जेवण बाजूला ठेवून पाटीवर मांडलं. दुसरी ओळ:

गा ल ल गा ल ल गा | गा ल ल गा ल ल गा

न्येग्-दि-को, लेऽब्-क-नि, नी, मग यति, ना-रो-दु, मेऽ-हो-र, केव. एक मात्रा इकडची तिकडे नाही. 'न्येग्दि'मधलं पहिलं अक्षर जोडाक्षरामुळे गुरू, आपला नियम जसाच्या तसा. पहिलीत: गालल, गागा, गालल, गागा, गालल, गागा. 'त' एरवी लघु, पण पुढे 'प्र्झ' आल्यामुळे गुरू. फक्त एका ठिकाणी अडखळलो. 'स्ऌज़ि'तला ऌ आपल्या हिशेबाने ऱ्हस्व, पुढे एकच व्यंजन, म्हणजे लघु व्हायला हवा. कवीने तो गुरू धरलाय. बहुधा ल हे व्यंजनच मानून अक्षर बंद झालं असं समजला असेल.

हे मला पहिल्या वाचनात ऐकू आलं. माखा ऐकू आला नव्हता. म्हणजे मी प्रेश्पुर्कच्या पार्टीतला!

बृनोकर
रविवार, रात्री 10:15

सर, इथेच गोम आहे. तुम्हाला आणि मला ऐकू आलं. मी हीच ओळ आज दुपारी माझ्या चेक सहकाऱ्याला फोनवर म्हणून दाखवली, गुरूवर जोर देत. तो म्हणाला, 'कोलेऽब्क' हा शब्द तू मधूनच का सुरू करतोयस?

आघात बघा: 'कोलेऽब्क'चा 'को' वर, तो लघु. 'निनी'चा पहिल्या 'नि' वर, तोही लघु. 'रकेव'चा 'र' वर. 'न्येग्दि' आणि 'नारोदु मेऽहो'त मात्र आघात आणि गुरू एकाच जागी, तिथे ओळ त्यालाही भावली. बाकी ठिकाणी वृत्ताचा ठोका एकीकडे, शब्दाची सुरुवात दुसरीकडे. चेक कानाला आघात म्हणजे जोर नव्हेच. ती शब्दाची हद्द आहे, 'इथून नवा शब्द' असा दगड रोवलेला. तो दगड हलवला की शब्दांची शेतं एकमेकांत घुसतात.

रोमान याकोब्सन या भाषाशास्त्रज्ञाने हेच पकडलं. मॉस्कोहून 1920 साली प्रागला आला आणि 1923 मध्ये चेक पद्यावर, रशियनशी तुलना करत, बर्लिनहून रशियनमध्ये पुस्तक काढलं. रशियनमध्ये आघात फिरता असतो आणि अर्थ बदलतो: 'ज़ामोक' किल्ला, 'ज़ामोऽक' कुलूप. चेक आघात अर्थ बदलत नाही, पण शब्द कुठून सुरू झाला ते सांगतो. म्हणून चेक कवितेत खरा खेळ शब्दांच्या सीमांचा आहे, असं मी त्यातून समजलो. परक्या माणसाने येऊन सांगितलं ते. घरच्यांना हद्दीचे दगड दिसत नाहीत बहुतेक.

शंकेखोर
रविवार, रात्री 10:50

आता पटलं. 'दुबळा आघात' आणि 'ठाम आघात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आवाजाने दुबळा, जागेने ठाम.

तबलजी_साताऱ्याचा
सोमवार, सकाळी 7:30

समही तशीच. मोठी वाजलीच पाहिजे असं नाही. कधी कधी वाजवतच नाहीत, पण मान तिथेच हलते.

मला गाण्याचं सांगा. गीतकाराने आघात पाळला आणि चालीने मोडला तर?

प्राहाची_सून
सोमवार, सकाळी 9:10

तर बोंब होते. चेक संगीतकार स्मेतानाच्या 'दालिबोर' आणि 'लिबुशे' या दोन ऑपेरांचं मूळ काव्य योझेफ वेंत्सिगने जर्मनमध्ये लिहिलं होतं. श्पिंडलरने ते चेकमध्ये आणलं, तेही जर्मन मूळाच्या मापाला धरून. जर्मनमध्ये 'ति धा' पावलापावलावर, चेकमध्ये ओढाताण. त्यामुळे काही ठिकाणी चेक शब्दाच्या भलत्याच अक्षरावर सुराचा भार पडतो. 1871 मध्ये एलिश्का क्रास्नोहोर्स्का या कवयित्रीने चेक गायनातल्या शब्दोच्चारावर लेख लिहून हा प्रश्न ऐरणीवर आणला. पुढे तीच स्मेतानासाठी ऑपेरांचं काव्य लिहायला लागली, आणि तेही थेट चेकमध्ये.

उलट टोकाला दुसरा चेक संगीतकार, द्वोर्झाक. 1896 मध्ये त्याने कवी एर्बेनच्या कथाकाव्यांवर वाद्यवृंदाच्या रचना केल्या. त्यातले काही सूर सरळ एर्बेनच्या ओळींवर बेतलेले, गायक नाही तरी शब्द बसतात.

आणि यांचं राष्ट्रगीत ऐका. 1834 सालच्या एका नाटकातलं गाणं, शब्द तिलचे, चाल श्क्रोउपची. पहिली ओळ 'ग्दे दोमोफ मूय' (कुठे माझं घर): ति धा ति धा. तबलजी, हा तुमचा मुखडा. लगेच पुढे 'वोद हुची पो लुचिनाख, बोरि शुमी पो स्कलिनाख' (पाणी खळाळतं कुरणांतून, बनं सळसळतात कड्यांवर; 'वोद'चा शेवटचा अ उच्चारायचा): धा ति धा ति धा ति ति ति. प्रश्न उचल घेऊन विचारला, उत्तर समेवरून दिलं.

रानजाई
सोमवार, सकाळी 9:45

'पो लुचिनाख' मध्ये 'पो' वर धा कसा? तो तर वेगळा शब्द आहे ना, 'वर/तून' अशा अर्थाचा? मग 'लु' वर नको?

प्राहाची_सून
सोमवार, सकाळी 10:02

शाब्बास! इथेच परदेशी माणसं अडकतात. एकाक्षरी शब्दयोगी अव्यय नामाच्या आधी येतं आणि त्याचा आघात पळवतं. 'प्रह' (प्राग) मध्ये आघात 'प्र' वर, पण 'दो प्रहि' (प्रागला) मध्ये 'दो' वर. बोलताना दोघांचा मिळून एकच शब्द. आपले प्रत्यय मागून चिकटतात, यांचे पुढून.

एर्बेनच्या 'कितित्से' (1853) या काव्यसंग्रहातलं पाणभुताचं काव्य याच्यावरच तरंगतं:

न तोपोले नद येज़ेरेम
सेद्येल वोद्नीक पोद्वेचेरेम

(पॉप्लरच्या झाडावर, तळ्याच्या वर, पाणभूत बसला होता संध्याकाळच्या सुमारास.) 'न' आणि 'नद', दोन्ही अव्ययं, पहिल्या ओळीचे दोन्ही ठोके त्यांच्यावर. झाड आणि तळं ठोक्याबाहेर, नुसती जागा सांगणारे शब्द ठोक्यावर. आधी 'वर', 'वरती' असं बोट दाखवलं जातं, मग दुसऱ्या ओळीत तो बसलेला दिसतो. त्याच पुस्तकातली पहिली कविता 'धा ति ति' ची: ज़ेम्र्झेल मत्क अ दो ह्रोबु दान (आई वारली, थडग्यात ठेवली, इथे 'ज़ेम्र्झेल', 'मत्क', 'दान' या तिन्हींतला शेवटचा अ उच्चारायचा). यातही 'दो' वर ठोका.

माझ्या सासूबाई ब्याऐंशीच्या आहेत. औषधांची नावं विसरतात. पण पाणभुताची गोष्ट सुरू केली की अख्खी म्हणतात, बटाटे सोलत, सुरीच्या ठोक्यावर.

चहाबिस्कीट
सोमवार, दुपारी 12:20

बटाटे सोलत पाणभूत. आमच्या आजीचं भोंडल्याचं गाणं आणि वाटाणे आठवले.

बृनोकर
सोमवार, रात्री 8:50

अनुष्टुभ सरांसाठी एक भेट. चसोमीरच्या बाजूने योझेफ युंगमान हा मोठा कोशकारही होता. 1821 साली 'क्रोक' नावाचं चेक नियतकालिक निघालं. त्यात युंगमानने भारतीय छंदशास्त्राची ओळख करून देणारा लेख लिहिला, संस्कृतचा इंग्रज अभ्यासक कोलब्रुक याच्या इंग्रजी निबंधाच्या आधाराने. म्हणजे आपले लघु-गुरू त्या भांडणाच्या धामधुमीत तिथे पोचले होते.

अनुष्टुभ
सोमवार, रात्री 9:35

ही भेट मात्र फार मोठी. पुराव्याला आपले गणपाठ नेले आणि तरी पक्ष हरला!

हरला कसा, तेवढं सांगा. कोणी खंडन केलं?

बृनोकर
सोमवार, रात्री 10:20

एका लेखाने नाही हरला. कवींनी हरवला. 1836 मध्ये माखा आला, 1853 मध्ये एर्बेन. 'आघातवृत्त म्हणजे बैलगाडीची खडखड' या आरोपाला ती चौथी ओळ पुरेशी होती. पालात्स्की पुढे इतिहासकार झाला, राष्ट्रपिता म्हणवला गेला. त्याच्या नावाचा पूल प्रागला आहे. चसोमीर उरली ती ग्रीक-लॅटिन भाषांतरांत, आणि शेवटी तिथेही आघातच शिरला. ओतमार व्हान्योर्नीने होमर चेकमध्ये आणला तो आघाताच्या हेक्झामीटरमध्ये, गुरूच्या जागी आघात ठेवून. इथे लोक होमर वाचतात तो असा.

शंकेखोर
सोमवार, रात्री 10:41

शेवटची शंका. सगळ्या चेक प्रदेशात आघात पहिल्यावरच? बोलीभाषेत कुठेच हलत नाही?

प्राहाची_सून
मंगळवार, सकाळी 6:55

हलतो. ओस्त्रावाकडे, पोलंडच्या सीमेला लागून, आघात पोलिशसारखा उपांत्य अक्षरावर, आणि दीर्घ स्वरही आखडतात. बाकीचे चेक त्यांना 'आखूड चोचीचे' म्हणून चिडवतात. प्येत्र बेज़्रुच हा कवी त्याच भागातल्या खाणकामगारांवर लिहून गेला, पण वृत्त त्याचं नेहमीचंच, पहिल्या अक्षराचं. आता ते तिथल्या माणसाच्या तोंडून कसं ऐकू येत असेल, तुम्हीच विचार करा.

बृनोकर
मंगळवार, सकाळी 8:10

ताई, पुढच्या गुरुवारी कामासाठी ओस्त्रावालाच जातोय. तिथल्या क्लायंटकडच्या रिसेप्शनवरच्या आजोबांशी माझी ओळख आहे. माखाच्या चार ओळी त्यांनाही येतच असणार. म्हणून घेतो, आणि चौथ्या ओळीत ठोका कुठे पडला ते इथे येऊन लिहितो.